कोऱ्या कापडाचं गाव

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगतं. ही सोयरीक कुणी जुळवली आणि जुळवताना जर्मनीला विचारलं होतं का, असले प्रश्न आमच्याकडं कुणी काढत नाही. याच परभणीबद्दल ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असंही म्हणतात. म्हणजे कुठंच जमलं नाही तर शेवटी परभणी आहेच. आम्ही दोन्ही म्हणी सारख्याच अभिमानानं ऐकवतो. माझं गाव पोखर्णी. परभणीहून परळीकडं जाणाऱ्या रेल्वेवर आमचं स्टेशन आहे, त्याच्या पाटीवर गावासोबत देवाचंही नाव आहे: पोखर्णी नृसिंह. देव जागृत, देऊळ जुनं, रान काळंभोर आणि जागा म्हणाल तर हवी तेवढी. आमच्याकडं दोघं बोलत उभे असले तर त्यांच्यामधून बैलगाडी निघून जाते आणि बोलणं तुटत नाही.

जर्मनीवरून आठवलं. एंगल्स नावाचा एक जर्मन तरुण 1842 साली मँचेस्टरला गेला. त्याच्या वडिलांची तिथल्या सुताच्या कारखान्यात भागी होती. पोरानं धंद्यात लक्ष घालावं ही वडिलांची इच्छा. पोरगा कामगारांच्या गल्ल्या हिंडत बसला आणि 1845 मध्ये त्यानं इंग्लंडातल्या कामगारांच्या हालांवर पुस्तकच काढलं. आपण पोराला बियाणांच्या दुकानात बसवावं आणि त्यानं गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सावकारीविरुद्ध भाषण द्यावं, तसा हा प्रकार. मला मात्र त्याच्या त्या हिंडण्याचा मोठा आधार वाटतो. जगातल्या जर्मनीचा तो मँचेस्टरला गेला. भारतातल्या परभणीचा मी अधूनमधून मालेगावला जातो. त्याची तिथं गिरणी होती, माझी तिथं बहीण आहे.

अक्काचं लग्न मालेगावला ठरलं तेव्हा गावातल्या लोकांना पहिल्यांदा वाटलं, नांदेडकडचं माळेगाव. खंडोबाचं, घोड्या-गाढवांचा बाजार भरतो ते. ‘चांगलं झालं, जत्रेला जाणं होईल,’ असंही कुणी म्हणालं. ते नव्हे, नाशिक जिल्ह्यातलं, असं सांगितल्यावर पारावर एकदम शांतता. मग एकानं हळूच विचारलं, ‘पेपरात येतं ते?’ त्या प्रश्नात सगळं आलं होतं. शेवटी आमच्या एका म्हाताऱ्या मामांनी बाजू सावरली. चंदनपुरी त्या मालेगावच्या शेजारीच आहे, म्हणाले, बाणाईचं गाव. खुद्द खंडोबा ज्या शिवारात जावई झाला तिथं आपली पोरगी द्यायला कसली भीती? खंडोबानं तिथं बाणाईच्या बापाची मेंढरं राखली होती, ही बाब मामांनी गाळली, आणि ते बरंच झालं, कारण दाजी सरकारी नोकरीत होते.

पोखर्णीहून मालेगाव म्हणजे परभणीला गाडी धरायची, सेलू, जालना, संभाजीनगर करत मनमाडला उतरायचं आणि तिथून एसटी. मनमाड हे आमच्या मराठवाड्याच्या लोकांना अंगावर काटा आणणारं नाव. मीटरगेज होती तोवर मुंबईला निघालेल्या प्रत्येक मराठवाडी माणसानं तिथं वळकटी, पेटी आणि पोरं घेऊन गाडी बदललेली आहे. पुढं एसटीनं मालेगाव गाठेपर्यंत दोन्ही बाजूंना कांदा, डाळिंब, उघडे डोंगर. आणि मग अचानक माणसं.

अचानकच म्हणावं लागतं. गाव कुठून सुरू झालं हे पोखर्णीच्या माणसाला एरवी कळतं. आधी उकिरडे, मग गोठे, मग घरं. इथं तसला रिवाज नाही. 2011 च्या जनगणनेतच या शहरानं साडेचार लाखांचा आकडा मागं टाकला होता, आणि नकाशावर पाहावं तर गाव मुठीएवढं. मध्ये मोसम नदी. ती पुढं जाऊन गिरणेला मिळते, पण गावापुरतं तिचं काम वेगळं आहे. अलीकडं कॅम्प, संगमेश्वर, मराठी पाट्या, बंगल्यांची दारं, तुळशी. पलीकडं विणकरांचं जुनं गाव, उर्दू पाट्या आणि यंत्रमाग. दाजींचं घर कॅम्पात. कॅम्प कुणाचा, तर इंग्रजांच्या फौजेचा. फौज जाऊन पिढ्या लोटल्या, तंबू उखडले, तरी पत्ता तोच आहे. आमच्या देशात काही मुक्काम हलतच नाहीत.

दाजींना पूल ओलांडायची सवय नव्हती. अलीकडच्या पुष्कळ लोकांना नसते, आणि पलीकडच्या पुष्कळांनाही. ‘पलीकडं काय बघायचंय?’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘दाजी, मी गर्दी बघायला आलोय. आमच्याकडं मिळत नाही.’

पलीकडच्या गल्लीत पहिल्यांदा शिरलं की कान आधी जातात, मग डोळे. खालच्या मजल्यावर माग, वरच्या मजल्यावर संसार, असा कित्येक घरांचा घाट. मागाला ‘कारखाना’ म्हणतात, मग त्यात चारच माग का असेनात. पत्र्याच्या छपराखाली धोटा इकडून तिकडं धावतो आणि प्रत्येक फेरीला खट्ट असा ठोका पडतो. असे ठोके हजारो मागांवर एकाच वेळी. या शहरात यंत्रमाग दोन लाखांच्या घरात आहेत असा अंदाज सांगतात. मागावरचा माणूस ओळखायचा असला तर त्याला हळू आवाजात काहीतरी विचारावं. तो हसून मान हलवतो. ऐकू आलेलं नसतं, पण पाहुण्याचं मन मोडायचं नसतं.

आणि माणसं! गल्लीतून हातगाडी येतेय, तिच्यावर सुताच्या गोण्या. समोरून बीम घेतलेली दुसरी गाडी. मध्ये शाळेतून सुटलेल्या पोरी, बकरी, रिक्षा, आणि भिंतीला चिकटून उभे असलेले परभणीचे पाहुणे. मी वाट पाहत होतो की आता भांडण होईल. आमच्याकडं बांधावर वीतभर सरकलं तर कोर्टात दोन पिढ्या जातात. इथं दोन्ही गाड्यांनी काही हुंकार दिले, बकरीला कुणीतरी उचललं, एका पोरीनं माझा हात धरून मला पायरीवर चढवलं, ‘चाचा, उप्पर’ म्हणाली, आणि वाट मोकळी झाली. जिथं जागा नाही तिथं जागेवरून भांडायला तरी दोघांना समोरासमोर उभं राहता आलं पाहिजे. तेवढी जागाही नाही.

या गावाला वसवणारा माणूस भलताच ऐसपैस होता. नारोशंकर राजेबहाद्दर, पेशव्यांचा सरदार. झाशीची सुभेदारी केली, तिथला किल्ला वाढवला. नाशिकला गोदाकाठी 1747 मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं आणि त्यावरच्या घंटेमुळं मराठी भाषेत कायमचा राहिला. खड्या आवाजाच्या बाईला आजही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्याला त्यानं मोसमच्या काठी भुईकोट उठवला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव शरण आला, पण ही बातमी या किल्ल्यातल्या अरब शिबंदीला मान्य नव्हती. मे-जूनच्या उन्हात महिनाभर ते इंग्रजांशी लढत राहिले. मालक गेला तरी कामावर हजर राहणारे लोक या गावात तेव्हापासून आहेत. आता त्या किल्ल्यात शाळा भरते. तटावरून तोफांऐवजी पाढे ऐकू येतात, म्हणजे इंग्रजांना जे महिनाभरात साधलं ते मुलांच्या मास्तरांना वर्षभरात साधेलच असं नाही.

पण किल्ल्यानं गाव मोठं होत नाही. गाव मोठं केलं रस्त्यानं. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता मालेगावातून जातो, आणि रस्ता जसा जातो तसा येतोही. 1857 चं बंड मोडल्यावर आणि पुढच्या दुष्काळात बनारस, मऊ, आझमगडकडचे विणकर दक्षिणेकडं सरकायला लागले. काही बऱ्हाणपूरला थांबले, काही भिवंडीपर्यंत गेले, बरेच जण मालेगावात उतरले. का उतरले? नदी होती, बाजार होता, असं पुस्तकात असतं. मला वाटतं, पाय दुखले असतील. त्यांनी हातमाग रोवले आणि मराठी बायकांसाठी रंगीत लुगडी विणायला बसले. बनारसचा विणकर, सूत कुठलं तरी, आणि नेसणार कुणबीण. त्या लुगड्याला नऊ वार लांबी होती ती उगाच नव्हे. एवढ्या लांबून यायचं होतं.

1863 मध्ये इथं नगरपालिका आली. पुढं वीज आली, हातमाग गेले, यंत्रमाग आले. 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं तेव्हा आमच्या मुलखातून काही मुसलमान कुटुंबं इकडं येऊन राहिली. म्हणजे थोडं मीठ आमचंही आहे त्यांच्या पाण्यात. मला ते बोलण्यात ऐकू येतं. त्यांची उर्दू पूरबी वळणाची, पण मध्येच एखादा ‘नक्को’ येतो आणि मी मान वळवून बघतो, की पोखर्णीचं कोण आलं.

स्वातंत्र्याच्या लढ्यातही हे विणकर होते. खिलाफतीच्या दिवसांत, 1921 च्या एप्रिलमध्ये, इथं पोलिसांशी मोठा दंगा झाला, एक अधिकारी मारला गेला आणि पुढच्या वर्षी येरवड्याला मालेगावच्या लोकांना फाशी झाली. त्यांची यादगार गावात आहे. अलीकडच्या तीरावर तिचा पत्ता विचारला तर निम्म्या लोकांना सांगता येत नाही. हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही, पोखर्णीतही हुतात्म्यांचं विचारलं तर आम्ही आधी खालीच बघू.

आता कापडाचं. मी मागाशेजारी उभा राहून बराच वेळ पाहिलं, आणि जे कळलं ते असं. सूत बाहेरून येतं. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लावतात, ते बीमवर गुंडाळून येतं, मागावर चढतं. बाण्याचं सूत कांड्यांवर भरतात; ते काम बहुतेक बायका नाही तर म्हातारे करतात. एक माणूस एकाच वेळी चार-सहा माग सांभाळतो, तुटलेला तार सांधतो, संपलेली कांडी बदलतो, पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. कापड निघतं ते कोरं. ना रंग, ना छाप, ना काठ. गाठोडी बांधून ते राजस्थानात पाली-बालोतऱ्याला, नाही तर गुजरातेत जातं. तिथं त्याला रंग चढतो, काठावर कुठल्यातरी शेठजींचं नाव छापलं जातं, आणि मग ते परभणीच्या बाजारात येतं. आमच्या अंगावरचं अस्तर, परकर, लुंगी, उशीचा अभ्रा यातलं काय काय मोसमच्या काठी विणलं गेलं, हे सांगायला मागावरचा माणूस उरत नाही आणि दुकानदाराला गरज नसते. तो म्हणतो ‘राजस्थानचा माल’, आणि आपण दोन बोटांत कापड चोळून जाणत्यासारखं ‘हं’ करतो.

हे मला जरा चमत्कारिक वाटतं. लाखो मीटर कापड या गावातून रोज बाहेर पडतं आणि त्यावर कुठंच ‘मालेगाव’ लिहिलेलं नसतं. जिथं ‘मालेगाव’ लिहिलेलं असतं ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं. 8 सप्टेंबर 2006 ला शबे-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले; दोन वर्षांनी 29 सप्टेंबरला भिक्कू चौकात. गावाचं नाव देशभर झालं. पहिल्या खटल्यात पकडलेली गावातलीच माणसं कित्येक वर्षं आत राहून 2016 मध्ये आरोपमुक्त झाली; दुसऱ्या खटल्याचा निकाल 31 जुलै 2025 ला लागला आणि सगळे आरोपी सुटले. दोन्ही खटल्यांना गावाचं नाव आहे. मेलेल्या माणसांची नावं मात्र खटल्याच्या नावात मावत नाहीत.

कापडाच्या प्रत्येक गावाला मँचेस्टर म्हणण्याची आपल्याकडं चाल आहे. इचलकरंजीला म्हणतात, भिवंडीला म्हणतात, मालेगावलाही कुणी ना कुणी म्हणतंच. खुद्द मँचेस्टरच्या गिरण्यांमध्ये आता लोक फ्लॅट घेऊन राहतात, आणि विटांच्या उघड्या भिंती दिसतात म्हणून जास्त भाडं देतात. मालेगावात विटांची उघडी भिंत म्हणजे पैसे संपले.

एवढं असून हे गाव आपल्या नावावर एक गोष्ट काढतं, आणि ती काढण्याचा वार शुक्रवार.

शुक्रवारी माग बंद. आठवडाभर कानात बसलेला खटखटाट एकदम थांबतो आणि गाव भानावर येतं. अंघोळ, नमाज, बिर्याणी, चहा आणि सिनेमा. चहाची हॉटेलं इथं चहापुरती नाहीत. ती वाचनालयंही आहेत, मुशायऱ्याच्या तालमी आहेत आणि महापालिकेची खरी सभाही तिथंच भरते. पण सिनेमा म्हणजे सिनेमा. 2023 च्या दिवाळीत सलमान खानचा ‘टायगर 3’ लागला तेव्हा प्रेक्षकांनी थिएटरच्या आतच फटाके उडवले. मी ती बातमी पोखर्णीत वाचली आणि अक्काला फोन केला. ती म्हणाली, ‘हौसच दांडगी रे लोकांची.’ तिच्या आवाजात काळजी कमी आणि माहेरच्यांवर ठसा मारणं जास्त होतं.

अशा गावात नासिर शेख हे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवत. सिनेमे दाखवून दाखवून त्यांना वाटलं, आपणही एक काढावा. कथा? ती तयारच होती, सगळ्या गावाला पाठ होती. 2000 साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसे पन्नास हजारांच्या आसपास लागले असं सांगतात. डाकूंना घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलवर. रेल्वे मनमाडला, म्हणून दरोडा बसवर. नट कोण, तर मागावरचे कामगार, दुकानदार, हॉटेलवाले. ट्रॉली शॉटला सायकल, क्रेनला बैलगाडी. बैलगाडीचं वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं; चित्रपटसृष्टीला आमच्याही दाराशी उभी असलेली एखादी वस्तू लागते तर!

पुढं ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी त्याच्यावर माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. सुपरमॅन झाले होते शफीक शेख. यंत्रमागावरचा कामगार, अंगाची काडी. उडण्यासाठी त्यांना एका दांड्यावर आडवं बांधायचं, मागं हिरवा पडदा, आणि गाडी चालवायची. हिरवं कापड मिळायला अडचण आली नसावी, गाव त्याचंच आहे. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच सुपरमॅनचं लग्न निघतं आणि शूटिंग थांबतं. हॉलिवूडच्या सुपरमॅनला बोहल्यावर चढायला रजा काढावी लागली असेल असं मला वाटत नाही, पण त्याच्यामागं एवढे नातेवाईकही नव्हते. शफीकभाई 2011 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला 2012 मध्ये. 2025 मध्ये मुंबईवाल्यांनी या सगळ्यावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ नावाचा मोठा सिनेमा काढला. रीमा कागती यांचं दिग्दर्शन, वरुण ग्रोव्हर यांचं लेखन. म्हणजे आयुष्यभर मालेगावनं मुंबईची नक्कल केली आणि शेवटी मुंबईनं मालेगावची.

या सिनेमांना लोक हसतात, ते हसण्यासाठीच आहेत. पण मी नावं परत वाचली. ‘मालेगाव के शोले’. ‘मालेगाव का सुपरमॅन’. जे गाव आपल्या कापडावर नाव टाकत नाही, किंवा ज्याला टाकू दिलं जात नाही, ते गाव परक्याच्या गोष्टीवर सगळ्यात आधी आपलं नाव टाकतं. गब्बर कुणाचा का असेना, शोले आमचे. हे मला परभणीकर म्हणून ताबडतोब पटलं. आम्ही तरी काय केलं? जर्मनीच घेतली की.

आताशा व्हिडिओ पार्लर गेलं, फोन आला. ‘छोटू दादा’ म्हणून देशभर लेकरांना माहीत असलेला तो ठेंगणा नट याच गावचा, आणि त्याचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले जातात. आमच्या शेजारच्या पोराला मालेगाव म्हटल्यावर स्फोट आठवत नाही, छोटू आठवतो. एवढा बदल कुठल्या सरकारी योजनेनं झाला असता का, सांगता येत नाही.

कोरोनातही तसंच झालं. 2020 च्या उन्हाळ्यात मालेगाव हे नाव पुन्हा टीव्हीवर, लाल अक्षरांत. एवढी दाट वस्ती, एका खोलीत आठ-दहा माणसं, अंतर कसं राखणार? सगळ्या महाराष्ट्रानं मालेगावची आशा सोडली होती. मग आकडे खाली यायला लागले आणि चर्चा सुरू झाली ती तिथल्या युनानी महाविद्यालयाच्या ‘मन्सुरा काढ्या’ची. काढ्यानं काय झालं आणि कशानं काय झालं हे डॉक्टर लोक सांगोत. मला मौज वाटली ती फोनांची. जे पाहुणे अक्काला ‘तिथून निघून या’ म्हणत होते, तेच आता ‘तो काढा मिळेल का, कुरिअर करता येईल का’ म्हणायला लागले. आमच्या पारावरच्या त्या ‘पेपरात येतं ते?’ विचारणाऱ्या गृहस्थांनी दोन पुड्या मागवल्या. एक देवापुढं ठेवली.

डिसेंबर 2021 मध्ये तिथं राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला. मजूर लोकांचं गाव, मंदीचे दिवस, कोण पुस्तकं घेणार? एक कोटीच्या वर विक्री झाली. ही गोष्ट मी आमच्या भागातल्या मराठीच्या एका प्राध्यापकांना सांगितली. त्यांनी विषय बदलला.

या गावाचे पुढारीही जरा निराळे. निहाल अहमद, समाजवादी, सगळं गाव त्यांना ‘साथी’ म्हणायचं. आमदार झाले, मंत्री झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, महापालिका आल्यावर महापौरही झाले. बाबरी मशीद पडल्यापासून त्यांनी दंडाला काळी फीत बांधली ती 2016 मध्ये जाईपर्यंत. आमच्याकडं आंदोलनाची काळी फीत दुपारच्या जेवणाला सुटते. त्यांचं सगळं राजकारण दाजींना पटत नसे, पण एकदा म्हणाले, ‘माणूस हट्टी होता, पण हट्ट धुवून वाळत घालत नव्हता.’

हे गाव काही टाकूनही देत नाही. देशभरातलं भंगार प्लॅस्टिक इथं येतं, निवडलं जातं, वितळतं आणि त्याचे पाइप होतात. धूर होतो, वास येतो, नदीचं रूप पाहवत नाही. मोसमला नदी म्हणण्याआधी माणूस क्षणभर थांबतो. गटारं तुंबतात, पाणी रोज येत नाही, वीजबिलावरून मागवाले आणि कंपनी यांची झोंबाझोंबी चालूच असते. हे सांगायला मला कुणाची भीड नाही. पण ते प्लॅस्टिकचे काळे पाइप कुठं दिसतात, तर आमच्या पोखर्णीच्या शिवारात. आमच्या उसाला गोदावरीचं पाणी जातं ते त्यातून. त्यावरही गावाचं नाव नसतं.

दाजी निवृत्त झाल्यावर त्यांचं मन बदललं म्हणा किंवा वेळ जाईना म्हणा, ते पूल ओलांडून चहाला जायला लागले. आता त्यांची तिथं एक ठरलेली खुर्ची आहे, आणि त्यांच्या खिशात रुमालाऐवजी कधीकधी कुणाचातरी शेर लिहिलेला कागद निघतो. अक्का म्हणते, म्हातारपणी हे काय. मी म्हटलं, ‘अक्का, खंडोबाही इथं येऊन बदललाच होता.’

परत आल्यावर पारावर सगळ्यांनी विचारलं, काय म्हणतं मालेगाव. मी दांड्यावर आडवा बांधलेला सुपरमॅन सांगितला. सायकलवरचे डाकू सांगितले. कुणी हसलं, कुणी खोटं म्हणालं, मग एका कॉलेजच्या पोरानं फोनवर काढून दाखवलं आणि सगळी डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर जमली. आमच्या गावात इतकी माणसं इतक्या जवळ मी पहिल्यांदाच पाहिली.

‘आपणबी काढायला पायजे,’ पोरगं म्हणालं. ‘पोखर्णी का सुपरमॅन.’

‘आपल्याला सुपरमॅन कशाला?’ मामा म्हणाले. ‘आपला देव खांब फोडून येतो. त्याला ट्रकला बांधायची गरज नाही.’

हे सगळ्यांना पटलं. नाव जागेवरच ठरलं: ‘पोखर्णी का नरसिंह’. खांब थर्माकोलचा करायचा, तो परभणीहून आणायचा. सिंहाची आयाळ सुतळीची. प्रल्हादाला पोरं भरपूर. ट्रॉली शॉटला बैलगाडी तर आहेच, फक्त बैल कुणाचे यावर थोडा वाद झाला. मग कुणीतरी विचारलं, हिरण्यकशिपू कोण? आणि कुणी काही न बोलता सगळ्यांनी एकाच माणसाकडं पाहिलं. पीककर्जाच्या याद्या करतात ते सोसायटीचे सचिव, तंबाखू मळत बसले होते.

त्यांनी चिमूट दाढेखाली धरली, सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, ‘होतो की. पण पोट फाडायचा सीन मार्चअखेर झाल्यावर घ्या.’